मिल रोडचा कोरा रकाना

सरला आवटी यांनी साडेसहा वर्षांत एक दिवसही रजा घेतली नव्हती आणि त्यामुळेच त्यांची नोकरी जायची पाळी आली.

नोकरी न्यू जर्सीतल्या अ‍ॅशबी टाउनशिपची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची. एडिसनहून गाडीने पंचवीस मिनिटांवरचं हे गाव. तिथे मिल रोड आणि डॅनफर्थ अ‍ॅव्हेन्यू एकमेकांना छेदतात त्या चौकात प्राथमिक शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. शाळा भरताना दीड तास आणि सुटताना दीड तास सरलाबाई तिथे उभ्या असत. उंची पाच फूट एक इंच, अंगात दुरून डोळ्यांत भरणारं पिवळंजर्द जाकीट, हातात पांढरे मोजे, गळ्यात शिट्टी, कपाळावर बारीक टिकली. लांब दांड्याची 'स्टॉप' लिहिलेली पाटी उभारून त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या, की अठरा चाकी ट्रकसुद्धा फुसकन हवा सोडून जागच्या जागी थांबे. या कामाला तिकडे क्रॉसिंग गार्ड म्हणतात. गार्डांची गणती पोलीस खात्यात होते. पगार पोलिसांच्या बजेटमधून आणि साहेब म्हणजे वाहतूक शाखेचा सार्जंट.

त्याआधी बत्तीस वर्षं त्या सांगलीच्या पाटबंधारे कार्यालयात आस्थापना शाखेत होत्या. लोकांच्या रजांच्या नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, सगळ्यांचे नियम तोंडपाठ. एका शिपायाच्या आजीचं निधन त्यांनी तीन वेगवेगळ्या वर्षी मंजूर केलं होतं. स्वतः मात्र रजा घेत नसत. रजा साठवायची आणि निवृत्त होताना तिचे रोख पैसे घ्यायचे, हा त्या कार्यालयातला शहाणपणा होता. २००१ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्या पैशांत अमेरिकेची दोन तिकिटं आली आणि वर थोडे उरले.

अ‍ॅशबीला मुलगी राधिकाच्या घरी येऊन राहिल्यावर पहिले चार महिने त्यांनी कसेबसे काढले. घर प्रशस्त होतं, पण चालत जाता येईल अशा टप्प्यात शाळा, चर्च आणि गॅस स्टेशन एवढ्या तीनच गोष्टी होत्या. ड्रायव्हिंगचे दोन धडे झाले. तिसऱ्या धड्याला शिकवणारा आला नाही. त्यांचे यजमान श्रीरंगराव वाचनात रमणारे, त्यांचं बरं चाललं होतं. सरलाबाईंना मात्र वेळेवर कुठेतरी पोचायची बत्तीस वर्षांची सवय होती आणि आता पोचायला ठिकाण नव्हतं.

टाउनशिपच्या पत्रकात क्रॉसिंग गार्ड पाहिजेत अशी जाहिरात आली. चौक घरापासून सहा मिनिटांवर. त्यांनी अर्ज केला, बोटांचे ठसे दिले आणि ऑक्टोबरात रुजू झाल्या.

"आई, लोक काय म्हणतील?" राधिका म्हणाली. "वाटेल की आम्हीच तुला कामाला लावलंय."

"कामाला लावायला तुम्ही घरी असता कुठे?" सरलाबाई म्हणाल्या.

लोक म्हणालेच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नीलांबरी नावाच्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "अगंबाई, काकू, तुम्ही म्हणे रस्त्यावर उभ्या राहता?"

"हो. परवा तुमच्या मिस्टरांना थांबवलं. शाळेपाशी पंचवीसची मर्यादा आहे, सांगा त्यांना."

त्यानंतर मंडळात तो विषय निघाला नाही.

साडेसहा वर्षं गेली. बर्फ, पाऊस, जूनची घामट दुपार, सरलाबाईंचा खाडा नाही. एखाद्या दिवशी ताप असतानाही त्या गेल्या. गार्डांना वर्षाला आठ दिवस भरपगारी रजा होती. पगाराच्या चिठ्ठीवर दर जानेवारीत 'रजा : ८' असा आकडा येई. तो चालू वर्षाचा आणि मागची शिल्लक कुठल्यातरी वेगळ्या नोंदवहीत, असं त्यांनी गृहीत धरलं. सांगलीत तसंच असे. मनातल्या मनात त्यांनी हिशेब ठेवला होता : २००८ धरून अठ्ठावन्न दिवस.

त्या वर्षी फेब्रुवारीत टाउनशिपचं बजेट मांडलं गेलं. राज्याकडून येणारी मदत घटली होती. पोलीस खात्यात मंजूर जागा बासष्ट, प्रत्यक्षात माणसं अठ्ठावन्न. चार रिकाम्या जागा भरा असं मेयर दोन निवडणुका म्हणत होते. पैसे कुठून आणायचे, हे टाउनशिपच्या प्रशासक मिसेस केसलर यांच्यावर सोपवलं होतं. केसलरबाई शांत, काटेकोर, शब्दाला पक्क्या. त्यांनी सुचवलं की बावीसपैकी सात चौकांवरचे गार्ड कमी करावेत. निदान एका पोलिसाच्या पगाराची तरी सोय होईल. सात चौकांच्या यादीत पहिलं नाव मिल रोडचं होतं.

ही बातमी सार्जंट डिलुका स्वतः चौकात येऊन सांगून गेला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, भला माणूस. "मिस सरला, दुसरीकडे जागा झाली तर तुम्हालाच देईन. ब्रुक लेनला बहुतेक होईल."

ब्रुक लेन चार मैलांवर. बस नाही, फुटपाथ नाही. गाडी न चालवणाऱ्या बाईला ती जागा देणं आणि न देणं सारखंच. मिल रोड गेला म्हणजे नोकरी गेली, हे त्यांना जागच्या जागी कळलं. राधिकाला मात्र वेगळंच कळलं.

"अगं, मग आता आराम कर ना. पासष्टची झालीस."

"आराम केला होता मी. चार महिने. पाहिलायस तू."

राधिकाने ते पाहिलं होतं.

शनिवारी सरलाबाई श्रीरंगरावांना घेऊन लायब्ररीत गेल्या. बजेटचा मसुदा तिथे लोकांना बघायला ठेवला होता, एकशे चाळीस पानांचं बाड. श्रीरंगरावांनी पहिली चार पानं वाचली आणि वर्तमानपत्राच्या दालनात निघून गेले. सरलाबाई मागून वाचत आल्या. सरकारी कागद शेवटून वाचावा, खरी माहिती परिशिष्टात असते, हे त्यांना माहीत होतं. परिशिष्ट 'ड' मध्ये बावीस चौकांचा तक्ता सापडला. प्रत्येक चौकापुढे एक रकाना : गेल्या तीन वर्षांत इथे किती वेळा पोलीस पाठवावा लागला. ज्या चौकावर आकडा मोठा तो धोक्याचा, तिथला गार्ड ठेवायचा. आकडा लहान तो शांत, तिथला काढायचा. सेंट मेरीज चर्चपाशी एकेचाळीस. फर्नवुडला सव्वीस. मिल रोडपुढे काहीच नव्हतं, शून्यसुद्धा नाही. रकाना कोरा.

सरलाबाईंनी तो रकाना पुन्हा वरून खाली वाचला. चर्चपाशी एकेचाळीस वेळा पोलीस कशाला जाईल? तिथला गार्ड त्यांच्या ओळखीचा होता. वॉल्टर नावाचा निवृत्त पोस्टमन, त्याला मासेमारीचा नाद. सोमवारी हमखास गैरहजर. गार्ड आला नाही की चौक मोकळा ठेवायचा नाही, असा टाउनशिपचाच नियम. बदली गार्ड दोनच, तेही बहुधा अडकलेले. मग पोलीस पाठवायचा आणि त्याची नोंद लॉगमध्ये करायची.

म्हणजे तो आकडा धोक्याचा नव्हता. दांड्यांचा होता.

परतताना गाडी श्रीरंगराव चालवत होते, तासाला वीस मैलांनी. सरलाबाईंचा हा शोध ऐकून त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे तो मासे पकडतो म्हणून त्याचा चौक महत्त्वाचा, आणि तू ताप अंगावर काढतेस म्हणून तुझा चौक फालतू."

"हसताय काय? पुढे बघा."

"तू सांगून टाक की त्यांना. बजेटवर सुनावणी आहे ना एप्रिलात? प्रत्येकाला तीन मिनिटं देतात."

"सांगून काय होतंय? मी म्हणणार मी रोज येते, त्या म्हणणार छान. लॉगमध्ये काय आहे ते खरं. जे लॉगमध्ये नाही ते झालंच नाही. मीही बत्तीस वर्षं हेच सांगत होते लोकांना."

"मग?"

"मग नोंद व्हायला हवी. अठ्ठावन्न दिवस रजा आहे माझी."

सोमवारी दुपारची पाळी संपवून त्या टाउनशिपच्या कार्यालयात गेल्या. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, शिल्लक आठ दिवस. सरलाबाईंनी मागची शिल्लक विचारली. मुलगी म्हणाली, मागची नसते. एकतीस डिसेंबरला उरलेली रजा रद्द होते. पैसेही मिळत नाहीत. हे गार्डांच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर आहे.

ती पुस्तिका रुजू होताना मिळाली होती. सरलाबाईंनी तिच्यातलं शिट्टीचं प्रकरण नीट वाचलं होतं. रजेचं वाचलंच नव्हतं, कारण रजेतलं त्यांना कोण काय शिकवणार?

घरी त्यांनी ते सांगितलं तेव्हा श्रीरंगराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आस्थापना शाखेची पन्नास दिवस रजा बुडाली. सांगलीला कळलं तर दुखवटा पाळतील."

"बोला, बोला. तुमचीच वेळ आहे."

"अगं, पण आठ आहेत ना?"

"आठ आहेत," सरलाबाई म्हणाल्या, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन टेबलाशी बसल्या.

सुनावणी पंधरा एप्रिलला, मंगळवारी. तिथून शनिवार-रविवार वगळून उलटे आठ दिवस मोजले की तीन एप्रिल येत होता. रजेचा छापील फॉर्म दोन ओळींचा होता. एवढ्याशा कागदावर आठ दिवस मागायचे त्यांना प्रशस्त वाटेना. म्हणून सोबत स्वतंत्र अर्ज जोडला, सुवाच्य इंग्रजीत : आदरणीय महोदय, खाली सही करणारी आपणांस सविनय कळवू इच्छिते की वैयक्तिक कारणास्तव आठ दिवसांची रजा मंजूर व्हावी, उपकृत करावे, आपली आज्ञाधारक. सार्जंट डिलुकाला बावीस वर्षांच्या नोकरीत कोणी आज्ञाधारक म्हणून लिहिलं नव्हतं. त्याने रजा तर मंजूर केलीच, पण तो कागद खोलीतल्या फळ्यावर टाचून ठेवला.

"कुठे जाताय का, मिस सरला?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही."

त्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

तीन एप्रिलला सकाळी सरलाबाई नेहमीप्रमाणे उठल्या, आवरलं, आणि सात चाळीसला जाकिटाकडे न बघता खुर्चीत बसून राहिल्या. पावणेआठला श्रीरंगराव टोपी घालून फिरायला निघाले. ते सहसा दहाच्या आधी बाहेर पडत नसत. साडेनऊला परत आले ते खुशीत.

"पोलीस आलाय. तरणाबांड, सहा फूट. पण त्याच्याकडे पाटी नाही. हात दाखवतो तर गाड्यावाले त्यालाच हात दाखवून पुढे जातात. त्यांना वाटतंय नमस्कार करतोय. मग त्याने पोलिसांची गाडी आडवी लावली, दिवे चालू करून. पुलापर्यंत रांग."

"मुलं?"

"मुलं सुखरूप. ती त्याला शिकवतायत कुठे उभं राहायचं."

दुसऱ्या दिवशी दुसरा पोलीस. सोमवारी पाऊस, आणि वॉल्टरही मासे पकडायला गेलेला. दोन्ही बदली गार्ड आधीच फ्लूने घरी. मिल रोडवर सार्जंट डिलुका स्वतः उभा राहिला. बुधवारपर्यंत ड्यूटीवरचा एकही माणूस मोकळा निघेना, म्हणून घरी असलेल्यांना ओव्हरटाइमवर बोलवायला सुरुवात झाली. पोलीस युनियनच्या करारात लिहिलं होतं की घरून बोलावलं तर काम दीड तासाचं असलं तरी चार तासांचा ओव्हरटाइम द्यायचा. सकाळी चार, दुपारी चार. शाळेची बस एकदा अकरा मिनिटं उशिरा पोचली. पालकांचे फोन टाउनशिपमध्ये यायला लागले. बाई कुठे आहेत? आजारी आहेत का? कोणीतरी घरी सूप आणून दिलं. सरलाबाईंनी ते संकोचून घेतलं आणि मांसाहारी निघाल्यामुळे शेजारी दिलं.

मधल्या एका दिवशी श्रीरंगराव त्यांना ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात घेऊन गेले. त्यांनी तिथे कढीपत्ता, तोंडली आणि पोळ्यांचं पीठ घेतलं. पण पावणेतीन वाजले तशा त्या दुकानातल्या घड्याळाकडे बघायला लागल्या.

"रजेवर आहेस तू," श्रीरंगराव म्हणाले.

"माहितीये. पण त्यांना पाटी कोणी दिली असेल का?"

पंधरा एप्रिलला सकाळी त्या कामावर हजर झाल्या. मुलांनी गराडा घातला. थांबलेल्या गाड्यांतल्या दोघा-तिघांनी हॉर्न वाजवले. ते रागाचे नव्हते. संध्याकाळी सात वाजता त्या राधिकाबरोबर टाउनशिपच्या सभागृहात गेल्या. बॅगेत परिशिष्ट 'ड'ची झेरॉक्स होती.

"आई, मुद्दाम रजा घेतलीस असं म्हणाले तर?" राधिकाने कुजबुजत विचारलं.

"रजा मुद्दामच घेतात. चुकून कोण घेतं?"

त्यांचा नंबर नववा होता. त्यांच्या आधी एका गृहस्थाने तीन मिनिटं कचऱ्याच्या गाडीबद्दल तक्रार केली. सरलाबाई माइकसमोर गेल्या. माइक उंच होता, तो कोणीतरी खाली करून दिला. त्यांनी नाव, पत्ता आणि हुद्दा सांगितला आणि केसलरबाईंना विचारलं, "मिल रोडच्या चौकावर तीन वर्षांत पोलीस किती वेळा गेला?"

केसलरबाईंनी कागद पाहिला. "फेब्रुवारीपर्यंत एकदाही नाही."

"आणि आजपर्यंत?"

केसलरबाईंनी सार्जंट डिलुकाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. "सोळा वेळा," तो म्हणाला. "गेल्या आठ शाळेच्या दिवसांत. त्यातल्या चार वेळा मी."

"खर्च?" कौन्सिलमधल्या एकाने विचारलं.

सार्जंटने वही उघडली. आठ पाळ्या ओव्हरटाइमच्या, बत्तीस तास, एक हजार आठशे छप्पन डॉलर. सरलाबाईंचे आठ दिवसांचे पैसे तीनशे छत्तीस होत होते. तो आकडा त्यांनी स्वतःच सांगितला, कारण दुसऱ्या कोणाला तो माहीत असायचं कारण नव्हतं.

"पण मग आधीची तीन वर्षं तिथे एकदाही का गेला नाही?" त्याच सदस्याने विचारलं.

"कारण मी तिथे होते," सरलाबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग सभागृहातले बरेच जण. सरलाबाई हसल्या नाहीत. त्यांची अजून दीड मिनिटं उरली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा रकाना चौकाचा धोका मोजत नाही, गार्डची गैरहजेरी मोजतो. बत्तीस वर्षं आपण असेच तक्ते बनवले आहेत, त्यामुळे चूक कशी होते ते ठाऊक आहे. यात कोणाला दोष नाही. धोका मोजायचा असेल तर मुलं मोजा आणि गाड्या मोजा. तीन मिनिटांची घंटा वाजायच्या आत त्या जागेवर येऊन बसल्या.

केसलरबाईंनी तक्त्यातल्या त्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी माइक जवळ ओढला. "बाईंचं म्हणणं बरोबर आहे. हा रकाना मी निवडला होता. यादी मी मागे घेते."

सरकारी माणसाने भर सभेत असं म्हटलेलं सरलाबाईंनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीत जराशा पुढे सरकून केसलरबाईंकडे नीट बघायला लागल्या.

पुढचे दोन आठवडे बावीस चौकांवर मुलं आणि गाड्या मोजण्यात गेले. मे महिन्यात बजेट मंजूर झालं. सातऐवजी तीन चौक कमी झाले. तिन्ही ठिकाणी मुलं दहाच्या आत होती. मिल रोडला एकशे बासष्ट निघाली. चर्चचा चौक गेला आणि वॉल्टरला बदली गार्ड करण्यात आलं, सोमवार सोडून. त्याला ते इतकं पसंत पडलं की त्याने सरलाबाईंच्या घरी दोन मासे पाठवले. तेही शेजारी गेले. दुसऱ्या खर्चात काटछाट करून पोलिसांच्या चारपैकी दोन जागा भरायचं ठरलं. उरलेल्या दोन पुढच्या वर्षी बघू, असं मेयर म्हणाले.

नेमणूक कायम झाल्याचं पत्र घेऊन सार्जंट डिलुका सकाळीच चौकात आला. सरलाबाईंनी पाटी काखेत धरली, मोजा काढला आणि पत्र दोनदा वाचलं. खाली एक नवा नियम होता : यापुढे प्रत्येक गार्डने वर्षातून किमान चार दिवस रजा घेतलीच पाहिजे.

"हा तुमच्यामुळे," सार्जंट म्हणाला. "केसलरबाई म्हणतात, बदलीची सोय आधीच करून ठेवू, म्हणजे एकदम धावपळ नको."

"चांगला नियम आहे. पण माझी यंदाची शिल्लक?"

"शून्य. डिसेंबरपर्यंत आजारी पडू नका."

"ते माझ्या हातात नाही," सरलाबाई म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीत अर्ज करीन. सविस्तर."

"जोडपत्रासकट?"

"अर्थात."

डॅनफर्थच्या बाजूने मुलांचा घोळका आला होता. त्यांनी पत्र जाकिटाच्या आतल्या खिशात घातलं, मोजा चढवला आणि पाटी उभारून रस्त्यात उतरल्या. डावीकडून येणारी एक निळी गाडी जरा जास्तच पुढे येऊन थांबली. सरलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गाडी दोन फूट मागे गेली.